हातात दोन एक्के असूनही पैसे का मिळत नाहीत? ऑनलाइन पोकरमधलं कौशल्य आणि कायद्यातला पेच

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अवघ्या तीन दिवसांत एका अख्ख्या धंद्याचा निकाल लागला. २० तारखेला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि त्याच दिवशी मंजूरही झालं. २१ ला राज्यसभेने होकार दिला आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यानंतर काही दिवसांतच पोकरबाझी, अड्डा५२ यांसारख्या साइट्सनी पैशांची टेबलं गुंडाळली. चर्चा मात्र झाली ती ड्रीम११ ची आणि क्रिकेट संघाच्या जर्सीवरच्या नावाची. पोकर बातमीच्या तळाशी राहिला.

खरं तर या कायद्याचा पेच जितका पोकरमध्ये दिसतो तितका दुसऱ्या कुठल्याच खेळात दिसत नाही. कायदा म्हणतो की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोन्हींचा, पैसे लावून आणि पैसे जिंकायच्या आशेने ऑनलाइन खेळला जात असेल तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’ आणि त्यावर बंदी. कंपन्यांचं म्हणणं असं की पोकर हा कौशल्याचा खेळ आहे आणि कौशल्याच्या खेळाला जुगार म्हणता येत नाही.

मग पोकरमधलं हे कौशल्य म्हणजे नक्की काय? सिनेमा बघून बहुतेकांना वाटतं की हातात काही नसताना समोरच्याला घाबरवणं, म्हणजेच ब्लफ. ब्लफ असतोच, पण चांगल्या खेळाडूची मोठी कमाई त्यातून येत नाही. ती येते भारी पानं आल्यावर. पानं भारी असणं आणि त्यातून पुरेपूर पैसे निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोकरच्या भाषेत याला ‘व्हॅल्यू’ काढणं म्हणतात. ते समजलं की कोर्टातल्या वादाच्या दोन्ही बाजू आपोआप समजतात.

तीन पत्ती येत असेल तर अर्धा पोकर येतो

सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात. आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक म्हणजे टर्न आणि शेवटचं एक म्हणजे रिव्हर. या सात पानांतून ज्याची पाच पानं सगळ्यात भारी, तो जिंकला. पानं वाटून झाल्यावर आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर पैसे लावता येतात. तीन पत्तीत ज्याला पॅक करणं म्हणतात ते इथे फोल्ड, समोरच्याने लावले तेवढे पैसे भरले तर कॉल, वाढवले तर रेज आणि काही न लावता पुढे गेलं तर चेक. मधे साठलेला गल्ला म्हणजे पॉट.

दोन पानांत सगळ्यात भारी म्हणजे दोन एक्के. ते सरासरी २२१ डावांत एकदा येतात. तुम्हालाही, शेजारच्यालाही आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही तेवढेच. लाखभर डाव झाले की पानांचं वाटप जवळपास सारखं होतं. फरक पडतो तो एक्के आल्यावर कोण किती काढतो आणि समोरच्याकडे एक्के असताना कोण किती कमी घालवतो यात. कंपन्यांच्या वकिलांचा सगळा युक्तिवाद थोडक्यात हाच आहे, आणि गणित म्हणून तो बरोबर आहे.

‘झाकून ठेवू’ ही सवय महागात पडते

नवख्या खेळाडूला भारी पानं आली की पहिली इच्छा होते ती लपवायची. आत्ताच पैसे लावले तर समोरचा पळून जाईल, म्हणून तो चेक करत राहतो आणि शेवटी एकदम मोठी रक्कम लावतो. ऐकायला हुशारीचं वाटतं. हिशेब मात्र उलट निघतो.

समजा फ्लॉपच्या वेळी पॉट १०० रुपयांचा आहे. तिन्ही टप्प्यांवर तुम्ही पॉटएवढी रक्कम लावली आणि समोरच्याने प्रत्येक वेळी कॉल केला, तर पहिल्यांदा १०० लागतात आणि पॉट ३०० चा होतो. मग ३०० लागतात, पॉट ९०० चा होतो. मग ९००. समोरच्याच्या खिशातून एकूण १३०० रुपये निघाले. आता फ्लॉपवर लपूनछपून चेक केलं आणि उरलेल्या दोन टप्प्यांवर तसंच खेळलात, तर निघतात १०० आणि ३००, म्हणजे फक्त ४००. एक टप्पा सोडला आणि ९०० रुपये गेले. कारण पॉट बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. सुरुवातीचा छोटा आकडा शेवटच्या मोठ्या आकड्याचा पाया असतो.

अर्थात समोरचा तीनही वेळा कॉल करेलच असं नाही. पण ऑनलाइन टेबलवर, विशेषतः छोट्या रकमांच्या टेबलवर, बहुतेकांची चूक जास्त फोल्ड करण्याची नसते, जास्त कॉल करण्याची असते. ‘बघू तरी काय आहे’ हा मोह फार मोठा. ज्याला पैसे भरायचेच आहेत त्याच्यासमोर चेक करणं म्हणजे दुकानात गिऱ्हाईक उभं असताना शटर ओढण्यासारखं आहे.

लपवण्याचं दुसरं नुकसान म्हणजे समोरच्याला फुकटात पान बघायला मिळतं. समजा तुमच्याकडे तीन राजे आहेत आणि समोरच्याकडे बदामाची चार पानं. पाचवं बदाम आलं की त्याचा फ्लश होतो आणि तो जिंकतो. टर्न उघडल्यानंतर त्याला न दिसलेली ४६ पानं उरतात, त्यातली ९ बदामाची. म्हणजे संधी १९.६ टक्के. पॉट १००० चा आहे आणि तुम्ही ५०० लावलेत, तर १५०० जिंकण्यासाठी तो ५०० भरतोय. तोटा होऊ नये यासाठी त्याला २५ टक्के संधी हवी होती. पुढच्या टप्प्यावरचे पैसे बाजूला ठेवले, तर असा प्रत्येक कॉल त्याला सरासरी १०९ रुपयांना पडतो. बदाम आलं तर तो जिंकतो आणि स्वतःला हुशार समजतो. हा कॉल तोट्याचा होता हे त्याला एका डावात कधीच दिसत नाही. तुम्ही चेक केलं असतं तर तीच संधी त्याला फुकट मिळाली असती.

लपवणं कधीच बरोबर नसतं का? असतं, पण क्वचित. तुमच्याकडे राजाची जोडी आहे आणि फ्लॉपवर राजा, सत्ता, दुर्री अशी तीन वेगळ्या रंगांची पानं आली. चारपैकी तीन राजे तुमच्याकडे, फ्लश किंवा सलग पानांची शक्यता जवळजवळ नाही. इथे समोरच्याकडे भरण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे एखाद्या वेळी थांबणं चालतं. पण नऊ, अठ्ठी, सत्ता अशी एकमेकांना लागून पानं असतील आणि त्यात दोन बदामाची असतील, तर थांबणं म्हणजे उदारपणा.

सगळ्यात भारी पानं सगळ्यात जास्त कमावत नाहीत

ही गोष्ट बऱ्याच नियमित खेळाडूंनाही उशिरा कळते. फ्लॉपवर एक्का, अठ्ठी, तिर्री आली. तुमच्या हातात दोन एक्के असतील तर तीन एक्के झाले, याहून भारी इथे काही नाही. पण पैसे कोण भरणार? एक्का असलेला खेळाडू भरणार, आणि आता पत्त्यांमध्ये एकच एक्का उरलाय. समोरच्याकडे एक्का आणि राजा असण्याच्या फक्त ४ जुळण्या शक्य आहेत.

आता तुमच्या हातात दोन अठ्ठ्या आहेत असं समजा. तीन अठ्ठ्या झाल्या, म्हणजे तीन एक्क्यांपेक्षा कमी. पण पत्त्यांत अजून तीन एक्के शिल्लक आहेत, त्यामुळे एक्का-राजाच्या १२ जुळण्या होतात. तिप्पट. ‘माझ्याकडे एक्क्याची जोडी आहे’ असं समजून खुशीत पैसे भरणारा माणूस इथे समोर असण्याची शक्यता खूप जास्त.

म्हणूनच छोट्या जोड्यांनाही किंमत असते. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरं तसंच पान किंवा त्याहून भारी काही जुळण्याची वेळ सरासरी साडेआठ वेळांत एकदा येते. त्या एका वेळी मिळालेले पैसे उरलेल्या साडेसात वेळांचा खर्च भरून काढणार असतील तरच ती जोडी खेळण्यात अर्थ. थोडक्यात, तुमच्या भारी पानांची किंमत तुमच्या हातात ठरत नाही. समोरच्याला आपली दुय्यम पानं किती आवडतात यावर ती ठरते.

किती लावायचे?

शेवटचं पान उघडलं, तुम्ही हरूच शकत नाही, आता आकडा किती? बहुतेक जण समोरच्याने पळू नये म्हणून छोटा आकडा लावतात. समजा ३०० लावले तर १० पैकी ८ वेळा कॉल येतो, म्हणजे सरासरी २४० रुपये. ६०० लावले तर ५ वेळा, सरासरी ३००. १२०० लावले तर फक्त ३ वेळा, पण सरासरी ३६०. दहापैकी सात वेळा समोरचा पळाला आणि तरीही कमाई सगळ्यात जास्त. कॉल किती वेळा आला हे मोजायचं नसतं, हातात किती आले हे मोजायचं असतं. अर्थात हे आकडे समोर कोण आहे त्यावर बदलतात. तोच ओळखणं म्हणजे अनुभव.

२०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्रेटस हा प्रोग्राम चार नावाजलेल्या व्यावसायिकांशी १ लाख २० हजार डाव खेळला आणि मोठ्या फरकाने जिंकला. पॉटपेक्षा कितीतरी मोठी रक्कम लावण्याची त्याची पद्धत माणसांना सगळ्यात जास्त खटकली. असे आकडे तो भारी पानांवरही लावायचा आणि ब्लफ करतानाही, त्यामुळे काय धरायचं हेच समोरच्याला कळायचं नाही. दोन वर्षांनी प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलवरही व्यावसायिकांना हरवलं. निव्वळ नशिबाच्या खेळात कॉम्प्युटर माणसाला सातत्याने हरवू शकत नाही, हा मुद्दा कौशल्यवाल्यांच्या बाजूने जातो.

पण ऑनलाइन खेळणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा मुद्दाही हाच आहे. समोरचा माणूस आहे की प्रोग्राम, हे स्क्रीनवर कसं कळणार?

फोनवर आल्याने काय बदललं

खऱ्या टेबलवर तासाला साधारण ३० डाव होतात. दोन एक्के यायला सरासरी सात तास लागतात. ऑनलाइन एका टेबलवर तासाला ६० ते ७० डाव होतात आणि सराईत खेळाडू एका वेळी चार टेबलं सहज उघडतो. म्हणजे तासाभरातच एक्के येऊन जातात. चेहरा दिसत नाही, हात थरथरताना दिसत नाहीत. त्याऐवजी कोण किती वेळात कॉल करतो, किती लावतो, शंभरपैकी किती डाव खेळतो याची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर वापरली जातात. जास्त कॉल करणारा माणूस काही तासांत आकड्यांत पकडला जातो, आणि मग भारी पानं आली की मोठा आकडा त्याच्याच समोर लागतो.

त्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. तो ऑफिसातून आल्यावर तासभर खेळतो, एखाद्या दिवशी जिंकतो आणि पुन्हा येतो. जिंकणं शक्यही असतं, कारण दोन एक्के दोन राजांसमोरही साधारण १८ टक्के वेळा हरतात. छोट्या काळात नशीब इतकं गडबड करतं की कच्च्या खेळाडूला आपण कच्चे आहोत हे कळायला फार वेळ लागतो. बुद्धिबळात असं होत नाही. तिथे कच्चा माणूस ग्रँडमास्टरसमोर दहापैकी दहा वेळा हरतो आणि समजून जातो.

कोर्टाने काय म्हटलं?

भारतात हा वाद जुना आहे. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सत्यनारायण खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात आणि कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवलं गेलं. पोकर या दोन खुर्च्यांच्या मधे कुठेतरी बसतो. २०१७ मध्ये गुजरात हायकोर्टाने त्याला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला. २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने रमी आणि पोकर दोन्ही कौशल्याचे म्हटले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात तर ब्रिज आणि रमीसोबत पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळलंय. एकच खेळ एका राज्यात हुशारी आणि दुसऱ्यात गुन्हा.

२०२५ च्या कायद्याने हा प्रश्न सोडवला नाही, तो बाजूला ठेवला. कौशल्य आहे की नाही हे बघायचंच नाही, पैसे लावले का एवढंच बघायचं. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला सरकारने पीडित धरलंय. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने दिला होता. ए२३ चालवणाऱ्या कंपनीने कर्नाटक हायकोर्टात कायद्याला आव्हान दिलं, दिल्ली आणि मध्य प्रदेशातही याचिका झाल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या सगळ्या आपल्याकडे घेतल्या.

पोकरचं गणित इथे दोन्ही बाजूंना कामी येतं. भारी पानांतून व्हॅल्यू काढणं हे कौशल्य आहे यात शंका नाही. पण ती व्हॅल्यू येते कुठून? टेबलवर नवीन काहीच तयार होत नाही. १३०० रुपये निघाले ते समोरच्याच्या खिशातून. शिवाय साइट प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापते, त्याला रेक म्हणतात. तो साधारण ५ टक्के असतो आणि त्याला वरची मर्यादा असते.

समजा सहा जण प्रत्येकी ५ हजार घेऊन बसले, तासाला ६० डाव झाले, सरासरी पॉट ४०० चा आणि रेक २० रुपये. तासाला १२०० रुपये टेबलवरून बाहेर गेले. सहाही जण सारखेच हुशार असले, तरी २५ तासांत ३० हजार संपले. त्यात ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे १०० रुपये भरले की जवळपास २२ रुपये कराचे. बऱ्याच कंपन्या ते बोनसच्या रूपात परत देत होत्या. शिवाय निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा. एवढं सगळं वजा जाऊन ज्याला पैसे उरतात तो खेळाडू खरोखर कुशल असतो, आणि म्हणूनच असे लोक फार थोडे असतात. कौशल्य जितकं खरं, तितका कमी कौशल्य असलेल्याचा तोटा पक्का. वकील पहिली गोष्ट जोरात सांगतात, दुसरी सांगत नाहीत. निव्वळ नशिबाच्या खेळात निदान सगळ्यांना सारखी संधी असते.

उद्योगाचा एक आक्षेप मात्र सहज झटकून टाकता येणार नाही. भारतीय साइट बंद झाल्या की खेळणारे परदेशी अ‍ॅपकडे वळतील, असं त्यांचं म्हणणं आहे. तिथे पत्ते नीट पिसले जातात का, समोर माणूस आहे का, जिंकलेले पैसे परत मिळतील का, यातलं काहीही तपासायला भारतीय खेळाडूकडे कोणी नाही. ‘पोकर शिकवतो’ म्हणणाऱ्या टेलिग्राम चॅनेलवरून अशी लिंक आली, तर ती उघडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की भारी पानांचं वरचं सगळं गणित पत्ते प्रामाणिक आहेत हे गृहीत धरून केलेलं आहे.

आणि गोव्याचं काय? हा कायदा ऑनलाइन खेळांपुरता आहे. पणजीत मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांना गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी परवानगी दिलेली आहे, आणि तिथे पोकरची टेबलं लागतात. तेच दोन एक्के, तोच फ्लॉप, तोच रेक. फक्त तिथे तासाला ३० डाव होतात आणि समोर कोण बसलंय ते दिसतं.